टोळीबाहेरची आई

पुणे, ६ जुलै

ती. अल्काताईस,
राजदीपचा सा. जयभीम वि. वि.

सरपंच झाल्यापासून तू फोनवर माझं ऐकतच नाहीस, म्हणून हे पत्र. चोरखमारा तलाव भरत आला म्हणे. गावात पाणी शिरलं तर उगाच बहादुरी करू नकोस. तहसीलला कळव, तिथून जिल्हा, मग राज्य, मग आम्ही केंद्राच्या बचाव पथकाचे जवान. बोटी आमच्याकडे, शिक्षण आमचं, तेव्हा हे काम आमचंच. आईचे गुडघे कसे आहेत? रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा राजदीप

तिरोडा तालुका, २८ जुलै

चि. राजदीपास अनेक आशीर्वाद.

आई सुखरूप आहे, हे आधी वाच.

सोमवारी सकाळी नाला गावात शिरला. तहसीलला लगेच कळवलं, पण रस्ता बुडालेला. तुमचं पथक येईपर्यंत हात बांधून बसायचं काय? मी रोवण्याच्या टोळ्या कामाला लावल्या. धान लावताना बाया हंगामभर एका रांगेत असतात. कोण कुठे राहते, कोणाचं लेकरू तापलं, सारं एकमेकींना ठाऊक. प्रत्येक टोळीनं आपल्या बाया घरच्यांसकट शाळेत आणायच्या, एवढंच सांगितलं. रुख्माबाईनं तर कमरेएवढ्या पाण्यातून नावं पुकारत आपली टोळी आणली. धन्य त्या बाया! दुपारी सगळ्या टोळ्या पुऱ्या भरल्या आणि मी फुशारले.

तेवढ्यात माझ्या दीप्तीनं विचारलं, आजी कुठे आहे. आई दरवर्षी रुख्माच्या टोळीत असते, म्हणून मी निश्चिंत होते. पण गुडघ्यांमुळे ती यंदा रोवण्याला गेलीच नव्हती. नाल्याकाठच्या घरात एकटी, आणि कोणत्याच टोळीची नाही.

तुमची बोट पोहोचली ती याच वेळी. वाट दाखवायला मी पुढे बसले आणि सरळ चला म्हणून हट्ट धरला. त्या जवानानं शांतपणे सांगितलं की मधे धार आहे, वळसा घ्यावा लागेल. मला घर माहीत, त्याला पाणी. आई माळ्यावर बसून मलाच शिव्या देत होती. त्यानं तिला पाठीवर घेतलं. तुम्हाला मी सरकारी पाहुणे म्हणायची, ते शब्द परत घेते.

तरी चूक माझीच. लोभ आहे तसा राहू दे.

तुझी ताई

तिरोडा तालुका, ६ ऑगस्ट

चि. राजदीपले कुसुमबाईचा आशीर्वाद.

दीप्ती लिहून राहिली, मी सांगून राहिली. तुई ताई अजून रडते. काऊन रडते? सारं गाव तिनं काढलं, मले तुया बोटवाल्यानं काढलं. कोणाचं काम होतं म्हणून भांडू नका, दोघायचंही होतं. त्या पोराले एकदा जेवाले धाडजो.

आता गावातले सारे म्हातारे एकेका टोळीनं वाटून घेतले. रुख्मानं मले घेतलं. काल शेवटच्या बांधीचं रोवणं होतं, मी काठाले धुऱ्यावर बसली होती. रुख्मानं टोळी पुकारली, पयलं नाव माहंच घेतलं. माह्या हातात धानाची एक काडी नव्हती, तरी मी मोठ्यानं हाव म्हटलं.

जीव लावून ठेवजो.

तुई माय