राणीच्या लुगड्याची गाठ

बाबा, रविवारी गोरेगावच्या हॉलमध्ये आमच्या पोरांनी दशावतार केला. आमची म्हणजे माझ्यासारखी. कोणी समलिंगी, कोणी ट्रान्स, कोणाचं अजून ठरतंय. हे शब्द तुमच्या काळी नव्हते, पण बाप्यानं राणी होणं तुम्हाला नवं नव्हतं. वर्षातून एकदा मंडळाच्या दशावतारी नाटकात तुम्ही राणी व्हायचात आणि तुमच्या गिरणीतले लोक तुमच्या चालीवर जीव टाकायचे. मी चौदाव्या वर्षी राणीचं तेच लुगडं नेसून आरशासमोर उभा राहिलो, तर कानाखाली जाळ काढलात. "माझा तां सोंग. तुझा काय?" असं विचारलंत. माझं सोंग नव्हतं. ते तुम्हाला त्याच क्षणी कळलं आणि तुम्ही घाबरलात, हे समजायला मला तुम्ही गेल्यावरही वीस वर्षं लागली. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू.

या वेळची राणी मुलुंडची, वीस वर्षांची, घरात मुलगा म्हणून वाढलेली. पहिल्यांदाच आई बघायला येणार होती. "सर, मम्मी अर्ध्यातून उठून गेली तर वाट लागली ना." मी म्हणालो, "तू बोलत राहा गं." लुगडं मीच नेसवलं, तुमचंच, जरीचं. आणि भर दरबारात, ती राजाला जाब विचारत असताना, निऱ्या सुटल्या. मागे कोणीतरी फिसकन हसलं. पहिल्या रांगेतून तिची आई उठते. मला वाटतं, चालली. ती पर्स खुर्चीवर ठेवते, सरळ स्टेजवर चढते, निऱ्या चापून बसवते आणि कमरेशी आतून गाठ मारते. "हात वर कर गं. कोणी नेसवलंय हे?" माइकवरून सगळ्या हॉलला ऐकू गेलं. पोरगीही तयारीची. राजाकडे वळून म्हणाली, "माझी आई आलीय. आता बोल." दशावतारात लिहिलेलं काही नसतं, जे सुचेल ते बोलायचं, असं तुम्हीच सांगायचात. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. मी विंगेत या वयात नाचलो. जिंकलो, बाबा.

हे पत्र टाकणार कुठं? तुमच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवतो. एक राहिलं. पोरांना मी नेहमी सांगतो, नेसवायला मला माझ्या बाबांनी शिकवलं. शिकवलं नव्हतंत. नाटकाच्या दिवशी तुम्ही नेसायचात तेव्हा मी दाराच्या फटीतून बघायचो, आणि गाठ मारताना तुम्ही नेहमी पाठमोरे असायचात.