दोन नंबरचा रोटर

४ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बँडमधल्या एका म्हाताऱ्या वादकाचा हॉर्न बाबांनी साफ करून जोडला, पण त्याचे दोन व्हॉल्व्ह फिरतच नाहीत. किल्ली दाबली की दाबलेलीच राहते. बाबा तेलाला शिव्या देतात. दोन बाटल्या संपल्या. मी काही सुचवलं तर चाळीस वर्षांच्या कारागिराला शिकवू नकोस म्हणतात. हॉर्न पुढच्या आठवड्यात शनिवारी द्यायचाय. तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात, म्हणून विचारते. आणि काका, हल्ली ते एकदा जेवून पुन्हा ताटावर येऊन बसतात. मला भीती वाटते.

थोरल्यांचा आशीर्वाद हवा आहे.
तुमची ठकू

८ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तेल बिचारं निर्दोष आहे. मागची झाकणं उघडून आत फिरणारे रोटर बाहेर काढ. दांड्यावर थेट हातोडी मारू नकोस, मध्ये लाकूड धर. रोटर दिसायला सारखे, पण प्रत्येक जण आपल्याच घरात फिरतो. म्हणून त्यांवर आकडे कोरलेले असतात. माझ्या मते दोन आणि तीन अदलाबदल झालेत. ही नवशिक्याची चूक. दादानं मला पहिल्याच दिवशी कान पिळून हे शिकवलं होतं. त्याच्या हातून हे व्हावं, याचं फार वाईट वाटतं. तो दुपारी लवंडला की गुपचूप बदल. त्याला कळू देऊ नकोस.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझा काका

१५ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पोरीनं परवा दुपारी रोटर बदलले. मी डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो. ठोके हलके होते. तूच शिकवलं असणार. हॉर्न वेळेवर गेला. म्हाताऱ्यानं माझी तोंडभर स्तुती केली आणि मी ती निमूटपणे घेतली. फार लाज वाटली. पोरीला काही बोललो नाही. तिनं माझी अब्रू राखायला एवढा खटाटोप केला, तो वाया का घालवायचा?

आकडे मी पाहिले होते रे. दोनाचा आकडा समोर होता, पण त्याचं काय करायचं तेच सुचेना. आता नवीन काम घेत नाही.

तू दर वर्षी वर्षअखेरीला येतोस. यंदा तेवढा थांबू नकोस. लोभ असावा असं लिहायची रीत आहे, पण मी तुला ओळखतोय तोवर ये.

तुझा दादा