गवतातून घरी आल्यावर

माय, तुला जाऊन आता अठरा वर्षं होतील, आणि आज मी अकरा बायांना पुन्हा तुझ्या पँटची गोष्ट सांगितली. मी मुकादम झालेय, हे तुला सांगायचंच राहिलं. बागा आणि कॅनॉलकाठची झाडं सांभाळायचा ठेका घेणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे. बाया गवत कापतात, झाडांना आळी करतात, आणि मी त्यांच्यामागे ओरडत फिरते. कोणी जालन्याची, कोणी बुलढाण्याची, चार-पाच आपल्या खानदेशातल्या, सगळ्या इथं सुरतेत, गोडादऱ्याच्या आसपास राहणाऱ्या. मागच्या वर्षी पाऊस सरल्यावर त्यांच्यातल्या एकीला गोचीड चावून ताप आला आणि ती पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. तेव्हापासून काम सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना दहा मिनिटं उभं करते आणि तू शिकवलेलं त्यांना शिकवते. ठेकेदार म्हणतो, ताई, रोज रोज काय हे पारायण. मी म्हणते, शेठ, तुम्ही एकदा गवतात उतरून दाखवा, मग बोलू. पण त्या पारायणात मी वर्षभर एक गोष्ट खोटी सांगत आले, आणि आज ती दुरुस्त करायला गेले तर दुसरीच खोटी सांगून बसले. म्हणून लिहितेय. नाहीतर मला कुठली लिहायची हौस.

पँटपासून सुरू करते, कारण बाया तिथंच हसतात. बाबा लूमच्या खात्यावर, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात होते. तिथून ते कोऱ्या, न रंगवलेल्या पांढरट कापडाचा तुकडा घेऊन यायचे, ज्याला इथं सगळे ग्रे म्हणतात. त्याची तू हातानं एक नाडीची पँट शिवलीस, लुगड्याच्या आत घालायला. तिच्यावर फुटबॉलवाल्यांचे असतात तसले गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे, पँटचे पाय मोज्यात कोंबलेले, आणि लुगडं वर खोचलेलं. अशा अवतारात तू पहाटे गल्लीतून निघायचीस आणि बारडोलीच्या रस्त्याला जाणाऱ्या टेम्पोत चढायचीस. पोरं ओरडायची, क्रिकेटवाली मावशी आली रे. मला धरणी दुभंगावी असं व्हायचं. मी एकदा म्हटलं, एवढ्या रंगाच्या मिली आहेत सुरतेत, निदान रंगवून तरी घे. तू मोजे ओढत म्हणालीस, "रंगावर गोचीड दिसत नही वं. पांढरावर लगेच दिसस." झालं. एवढ्यात विषय संपला. लोक काय म्हणतील हा प्रश्न तुला पडायचाच नाही, आणि मला दुसरा कुठला पडायचा नाही.

उसाच्या बांधांवरचं गवत कापून तू दुपारपर्यंत शहरात परत यायचीस आणि देवळाजवळच्या कोपऱ्यावर पेंढ्या मांडून बसायचीस. लोक स्कूटर थांबवून पेंढी घ्यायचे आणि तिथंच उभ्या असलेल्या गाईला घालून, हात जोडून पुढं जायचे. म्हणजे सकाळी गवतातल्या गोचिडी आणि दुपारी गाईंच्या. दोन्हीकडून सोय. बाकीच्या गवतवाल्या पेंढीवरच टेकायच्या, तू कधी टेकली नाहीस. गोणपाटही नको, तुला प्लास्टिकचं स्टूल लागायचं. बांधावरून चालताना कडेच्या उंच गवताला पाय घासायचा नाही, मधून चालायचं. पेंढी बांधायच्या आधी दोनदा आपटायची. शाळेला सुट्टी असली की मी तुझ्याबरोबर यायचे आणि माझ्या पायांतही तसलेच मोजे असायचे, फक्त मी शहर आलं की टेम्पोतच ते काढून पिशवीत टाकायचे. तू बघायचीस. 

घरी आल्यावरचे नियम तर मला अजून झोपेत म्हणता येतील. कपडे घरात आणायचे नाहीत, दारातच बादलीत, आणि वरून उकळतं पाणी. मग अंघोळ. मग बघणं. काखा, बेंबी, गुडघ्याच्या मागची लवण, कंबरेला नाडी जिथं घट्ट बसते ती जागा, कानामागं, आणि शेवटी केसांची कड. ज्या जागा आपल्याला दिसत नाहीत त्या दुसऱ्यानं बघायच्या. मी तुझ्या बघायचे, तू माझ्या. सापडली की तू बाबांची चिमटी घ्यायचीस, लूमवरच्या कापडातली गाठ नाहीतर जाड धागा उचलायची असते ती, बारीक टोकाची. चामडीला लागून धरायचं, पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही, सरळ वर ओढायचं. बाबांच्या खात्यावरचा एक कारागीर गोचिडीवर मशीनचं तेल सोडायचा, दुसरा विडीचा चटका द्यायचा. एकदा आपल्या घरी बसून ते दोघं, तेल बरं का चटका बरा, यावर वाद घालत होते. तू चहा ठेवलास आणि हिंदीत म्हणालीस, "कपड़े में गाँठ आती है तो तेल डालते हो क्या?" दोघांनी वाद सोडून चहाचे कप उचलले. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता. मी तो दाखवला नाही.

एकदा मी काढलेली गोचीड नखात धरून फोडली, टच्चकन् आवाज येतो म्हणून. तू माझ्या हातावर अशी चापट मारलीस की बोटं उठली. मग साबणानं तीनदा हात धुवायला लावलेस. "तिना रगतमा काय काय ऱ्हास, तुले माहीत शे का?" तुला तरी कुठं माहीत होतं, तू शाळेचं तोंड पाहिलं नव्हतंस. पण एका गुरांच्या डॉक्टरनं कोपऱ्यावर उभं राहून कोणाला तरी सांगताना तू ऐकलं होतंस, आणि तू एकदा ऐकलेलं विसरायची नाहीस. त्याच डॉक्टरचं ऐकून तू काढलेली गोचीड चिकटपट्टीत दाबून ठेवायचीस आणि कॅलेंडरच्या त्या तारखेवर काळा ठिपका द्यायचीस. लिहिता येत नव्हतं, ठिपका येत होता. पुढं पंधरा दिवसांत कोणाला ताप आला की तू दवाखान्यात कॅलेंडरच घेऊन जायचीस. डॉक्टर हसायचे, पण बघायचे. मी आता बायांना मोबाइलमध्ये गोचिडीचा फोटो काढून ठेवायला लावते. तुझ्या ठिपक्याहून त्यात जास्त काही नसतं.

आता ती नवरात्र. मी चौदाची आहे. शाळेतल्या मैत्रिणीच्या सोसायटीत गरबा आहे, तिच्या बहिणीची चणियाचोळी मला घालायला मिळालीय, आणि मैत्रीण दारात उभी राहून चल चल करतेय. ऊन अजून उतरलेलं नाही. तू आत्ताच कोपऱ्यावरून आलीयस, अंघोळीचं पाणी तापायचंय. तू माझ्यासमोर येऊन पाठमोरी होतेस आणि म्हणतेस, "मन्ही मान देख वं जराशी, कायतरी टोचस." मी तुझा पदर दोन बोटांनी उचलते. मी मैत्रिणीकडे बघतेय. मी म्हणते, "काही नही शे." तू विचारतेस, "केसमा देखं का?" मी म्हणते, "देखं, देखं." आणि जाते. तुझ्या केसांना गवताचा, शेणाचा आणि घामाचा वास होता आणि माझ्या हातांना मी मोगऱ्याचं अत्तर लावलं होतं. एवढंच कारण. याहून मोठं काहीतरी असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

आठवड्यानं तुला ताप भरला. गल्लीतल्या डॉक्टरकडे तूच आपणहून म्हणालीस, साहेब, मैं घास का काम करती हूँ. त्यानं विचारलं, काही चावलं होतं का इतक्यात? तू माझ्याकडे हात केलास. "नहीं. मेरी पोरीने देखा है. उसकी नजर पक्की है." कॅलेंडरवर ठिपका नव्हता. त्यानं टायफॉइडची औषधं दिली. माय, बघितलं नाही ती एक संध्याकाळ होती, चौदाव्या वर्षी होतं असं. पण त्यानंतर मी पाच दिवस गप्प बसले, ते मला माफ करता येत नाही. ताप उतरत नव्हता, तू बाबांना ओळखत नव्हतीस, लूम चालू आहे, बंद करा, असं बडबडत होतीस, आणि मी तुझ्या कपाळावर पट्ट्या बदलत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मला वाटायचं, बोलले तर बाबा मारतील. मग वाटायला लागलं, तू मरशील. तरी नाही बोलले.

सहाव्या दिवशी तुला मोठ्या दवाखान्यात नेलं. तळहात-तळपायांवर लाल पुरळ उठलं होतं. तिथल्या सिस्टरनं जटा झाल्या म्हणून तुझे केस विंचरायला घेतले आणि मानेच्या वर, केसांच्या कडेला, तिला गोचीड चावल्याची मसुराएवढी काळी खपली सापडली. तिनं डॉक्टरला हाक मारली. औषध बदललं आणि दोन दिवसांत तू डोळे उघडून पेज मागितलीस. मग ते डॉक्टर खाटेशी आले आणि जरा चिडूनच म्हणाले, घर में देखा था बोलते हो, किसने देखा था? मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तुझे ओठ फुटले होते. तू म्हणालीस, "उसने बराबर देखा था, साहेब. ये बाद में काटी होगी." ते म्हणाले, बाद में कहाँ से? "कपड़ों में रह गई होगी." उकळतं पाणी ओतलेल्या कपड्यांत. डॉक्टरनं मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, पाणी मागितलंस.

दिवाळी झाल्यावर तू पुन्हा कामावर गेलीस. मला वाटलं, आता बघायचं काम बाबांकडे जाईल. नाहीतर शेजारच्या काकू होत्याच, त्या कधीही आल्या असत्या. मी तर स्वयंपाकाला लागल्याचं नाटक करून चुलीशी बसले होते. तू अंघोळ करून आलीस, माझ्यापुढं पाटावर पाठ करून बसलीस आणि केस पुढं घेतलेस. "देख," म्हणालीस. मी केस न् केस बाजूला करून बघत राहिले. ती खपली पडलेली जागा गुलाबी होती. भाजी करपली, घरभर वास सुटला, बाबा ओरडले. तू पुरे म्हणाली नाहीस, मी थांबेपर्यंत बसून राहिलीस. रागावली असतीस तर मी दोन दिवस रडून मोकळी झाले असते. पुढं कितीतरी वर्षं, तू हृदयाच्या दुखण्यानं घरी बसेपर्यंत, तुझी मान मीच बघितली. लग्न झाल्यावरसुद्धा संध्याकाळी गल्ली ओलांडून यायचे.

तर बायांना मी हे सगळं सांगते, फक्त न बघणारी पोरगी शेजारची करते. आईनं शेजारच्या पोरीला विचारलं, तिनं बघितलंच नाही, असं. आणि त्या पोरीला चांगल्या शिव्या घालते. आज काम संपल्यावर जोडी-जोडीनं बघणं चाललं होतं. आमच्यात एक एकोणीस वर्षांची आहे, मूळ जालन्याकडची पण बोलते अर्धं गुजराती. तिच्या जोडीला बुलढाण्याची एक वयस्कर बाई. पोरगी एका हातात मोबाइल धरून म्हणाली, "जोई लीधुं, ताई." बघितलं म्हणायचा तो सूर मी ओळखते, माय. जगात मी एकच सूर ओळखत असेन तर तो. मी तिच्यावर इतकी ओरडले की कॅनॉलपलीकडचे लोक बघायला लागले. तीही काही कमी नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही त्या शेजारच्या पोरीला रोज शिव्या देता. तिनं काय मुद्दाम केलं असेल का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती शेजारची नव्हती. ती मी होते."

 बुलढाण्याच्या बाईनं पदरानं तोंड पुसलं. पोरीनं मोबाइल कंबरेला खोचला, बाईच्या मागं गेली आणि तिचा अंबाडा सोडून नीट बघायला लागली. बघता बघताच, माझ्याकडे पाठ ठेवून, तिनं विचारलं, "मग तुमच्या आईला कळलं होतं का?" मी म्हटलं, "नाही गं. तिला कुठं कळणार? भोळी होती बिचारी."

हा कागद कुठं पाठवायचा नाही म्हणून लिहिते. तू आणि भोळी. रस्त्यापलीकडच्या गाईच्या कानातली गोचीड तुला स्टुलावर बसून दिसायची. पण हो, कळलं होतं, असं म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की सगळं कळून तू तीच मान पुन्हा माझ्यापुढं केलीस. ते मला अकरा बायांसमोर बोलता आलं नसतं, रडू फुटलं असतं. म्हणून तुला भोळी करून टाकलं.