धाकट्या जावेचं दुखणं

रोहणा, ता. आर्वी
९ जानेवारी १९७९

चि. इंदिरेस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझ्या धाकट्या जावेचं, सुलोचनाचं, कौतुक ऐक. तिले पुन्हा दिवस गेले. डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हटलं, अन् सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. तिले गोळ्या, तिले खजूर, तिले दुपारची झोप. विहिरीचं पाणी मी भरते, कापूस वेचाले मी जाते. चार पायऱ्या चढली की छाती धडधडते, पण मले कोणी विचारत नाई. खोटं काऊन बोलू, तिच्या ताटातला खजूर पाहून मी जळून राह्यली. मलेही एखादं दुखणं यावं, असं वाटते. चुलीची माती चघळते, तेवढंच जिवाले बरं. हसशील तू, सेलूच्या दवाखान्यातली नर्सबाई.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी कोकिळाताई

सेलू
१७ जानेवारी १९७९

ती. ताईस इंदिराचा शि. सा. नमस्कार.

हसले नाही, घाबरले. दुखणं मागू नकोस, ते बहुतेक तुझ्यात आहेच. उजेडात आरसा धरून खालची पापणी ओढून बघ. आतून पांढुरकी दिसली तर रक्त कमी समज. माती खावीशी वाटते तीही त्यामुळेच. शिवाय दर महिन्याला आठ-आठ दिवस अंगावरून जातं, ते डॉक्टरला कधी सांगितलंस? आर्वीला रक्त तपासून घे. नुसत्या पालेभाजीवर भागायचं नाही. जेवणावर चहा घेऊ नकोस, भाजीवर लिंबू पिळ. आणि राग आला तरी चालेल, पण सुलोचनालाच सोबत ने. तिला दवाखाना माहीत आहे.

रागावलीस तरी पत्र टाकशीलच.
तुझी इंदू

रोहणा
४ फेब्रुवारी १९७९

चि. इंदिरेस आशीर्वाद.

नाइलाजानं तिलेच नेलं. डॉक्टरनं दोघींचंही बोट टोचलं. तिचं रक्त नऊ, माझं साडेसहा. आधी मले बरंच वाटलं, जशी मीच जिंकली. मग डॉक्टरनं बारा पाह्यजे म्हटलं, अन् मले भेव वाटलं. अंगावरून जाण्याचं त्यानं मले विचारलं. तिनंच सारं सांगितलं. माझं धुणं ती कधीची पाहून राह्यली होती.

येताना बसमध्ये ती रडली. म्हणाली, “तुमच्यासारखं कामाचं अंग मले काऊन नाई, म्हणून मी रोज जळत होती, जाऊबाई.”

गोळ्या बरं वाटलं तरी काही महिने सोडायच्या नाई. शौचाले काळं झालं तं भ्यायचं नाई, म्हणे. अंगावरून जाण्यासाठी पुढच्या सोमवारी वर्ध्याच्या बाईडॉक्टरकडे जातो. पाण्याले सासूबाईंनी बाई लावली. आता आम्ही दोघी संगच गोळी गिळतो. पण तुले म्हणून सांगते, पुढच्या तपासणीत तिचं रक्त माझ्याहून जास्त वाढलं, तं मले खपणार नाई.

लोभ कमी करू नको.
तुझी ताई