आज कुठल्या रंगाची ताटली?

मंगळवार, ता. १९
दुपारी, गाळ्यावरून

लाडक्या भिंगरीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

जावईबापूंची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, वजनं उचलायचा हट्ट सोडा आणि वाळूच्या पुरचुंडीने शेका. विहीणबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता नीट दिसतं का? दिसत असेल तर कोपऱ्यातली जळमटंही दिसायला लागली असतील, तेव्हा तू सांभाळून राहा. थोरल्याचा खोकला गेला का? धाकटीचा पुढचा दात हलत होता, तो पडला की अजून लोंबकळतोय? आणि तुझं डोकं? अजून दुखतं का गं?

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण शहाणे आहेत, आळीपाळीने कुरकुरतात.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. 'मामा, आता एकटा राहू नकोस, कायमचा आमच्याकडे ये, मागची खोली रंगवून ठेवलीय,' असं तू लिहिलंस. वाचून मला हुंदका आला, म्हणून मी कांदे चिरायला घेतले. त्याखाली तू आणखी एक ओळ लिहिलीस : 'आई रोज तुझ्या डोळ्यांसमोर जेवत होती, म्हणूनच मी इतक्या लांब निर्धास्त होते.' त्या ओळीपाशी माझी गाडी अडली. उत्तर लिहायला बसलो की तिथंच येऊन थांबतो.

आधी जेवणाच्या हॉलच्या बातम्या सांगतो. तू शाळेत असताना इथं सहा गाळे होते, आता अकरा आहेत. माझा सूप-पावाचा गाळा तसाच टोकाला, भट्टीकडे तोंड आणि हॉलकडे पाठ. अंड्याच्या गाळ्यावरच्याला अजून सगळे कोंबडेरावच म्हणतात, आणि तो अजून चिडतो. आपल्या भागातल्या खोल्या म्हणजे काड्यापेट्या, निम्म्या घरांत चूल पेटतच नाही. रिटायर झालेले, एकटे राहिलेले, पाळीवर जाणारे, सगळे इथंच जेवतात. हॉल नसता तर निम्मी वस्ती पाव आणि चहावर जगली असती. तुझी आईही तुझं लग्न झाल्यावर घरी रांधेनाशी झाली. म्हणायची, 'एका माणसासाठी पातेलं विसळायचं म्हणजे पातेल्याचा अपमान.'

बघ, तिच्यावर आलोच. आता सांगतोच.

आमचं भांडण झालं होतं, ते तुला तिनंही कळवलं नसणार. ती जायच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं, तेव्हा मी तिच्यापुरतं वेगळं सूप करायला लागलो. तिसऱ्या दिवशी तिनं वाडगा माझ्यासमोर आपटला.

"हे काय आहे? कपडे पिळलेलं पाणी?"

"ताई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग डॉक्टरला वाढ! मला अळणी खाऊन शंभर वर्षं जगायचं नाही."

"नको खाऊस. जा कोंबडेरावाकडे, तो घालील मूठभर!"

सगळा हॉल हसला. ताई खरंच उठून गेली. त्या दिवसापासून ती मागच्या दाराकडच्या टेबलांवर बसायला लागली. आम्हा गाळेवाल्यांत एक जुना नियम आहे, की दुसऱ्या गाळ्याच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही आणि 'काल का आला नाहीत' असं कुणालाच विचारायचं नाही. माणसाला ओशाळं वाटतं म्हणून. मी त्या नियमाचा बुरखा पांघरला. खरं म्हणजे ताठा होता. आपल्या घराण्यात सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

पण काळजी होतीच. म्हणून मी एक युक्ती काढली. भांडी सगळ्या गाळ्यांची एकाच खोलीत घासली जातात, म्हणून प्रत्येक गाळ्याच्या ताटलीच्या काठाला वेगळा रंग. आणि तुझ्या आईची खोड तुला ठाऊक आहे. पावाच्या कडक कडा काढायच्या आणि ताटलीत गोल रचून ठेवायच्या, मधे अंगण असल्यासारख्या. मी भांडी घासणाऱ्या मावशीला सांगून ठेवलं, तशी ताटली आली की मला सांग. रोज दुपारी मी तिच्या दारात डोकं घालायचो.

"मावशी, आज कुठल्या रंगाची?"

"हिरव्या काठाची, दादा. चाटूनपुसून खाल्लंय!"

की माझा जीव भांड्यात पडायचा. ताईला न विचारता ताईची खबर मिळायची. मला वाटलं, काय शहाणा मी!

त्या शनिवारी तुझा फोन आला. आई शुक्रवारपासून फोन उचलत नाही म्हणालीस. माझे हात पिठात होते. मी तिथूनच ओरडून मावशीला विचारलं, मावशी म्हणाली, "आली की, पिवळ्या काठाची!" आणि मी तुला म्हटलं, "अगं, आत्ताच जेवून गेली. फोन कुठंतरी उशीखाली टाकला असेल." तू म्हणालीस, "मामा, मी येऊन जाऊ का?" मी म्हटलं, "कशाला उगाच रजा घालवतेस?"

रविवारीही ताटली आली. सोमवारी सकाळी तिची शेजारीण आली, दार वाजवून वाजवून थकले म्हणाली, आणि आम्ही कुलूपवाल्याकडून दार उघडवलं.

(काल इथं पेन खाली ठेवलं. आज बुधवार.)

मी तुला सांगितलं की ती पलंगावर झोपेत गेली. भिंगरी, ती पलंगावर नव्हती. ती ओट्याजवळ खाली होती. तुला तशी दिसू नये म्हणून मी आणि शेजारणीने तिला उचलून पलंगावर ठेवलं, केस सारखे केले. डॉक्टर आले, म्हणाले, "एकापेक्षा जास्त दिवस झाले असावेत." मी त्यांच्यावर डाफरलो, "काहीतरीच काय! काल दुपारी जेवलीय ती." मी इतक्या खात्रीने बोललो की त्यांनी तसंच लिहिलं.

दारामागे वर्तमानपत्रं पडली होती. ती मी पायाने बाजूला सारली. मोजली नाहीत. मुद्दाम मोजली नाहीत असं आता वाटतं.

तू दिवस करून परत गेलीस. मी गाळा उघडला. दुसऱ्याच दिवशी मावशी माझ्याकडे आली ती हात ओलेच, चेहरा पांढराफटक. ताटली घेऊन आली होती. पिवळा काठ, त्यात पावाच्या कडा, गोल रचलेल्या.

"दादा, ताई जेवून गेल्या हो."

आम्ही दोघं त्या ताटलीकडे बघत उभे राहिलो. ती धुवायचं धाडस तिला होईना. मग मीच धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी हिरव्या काठाची. तुला वेडेपणा वाटेल, पण मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. मी मागच्या दाराकडच्या टेबलावर मीठ घातलेल्या सुपाचा वाडगा नेऊन ठेवायला लागलो. मनातल्या मनात म्हणायचो, खा बाई, तुझंच खरं. एकदा तर पाठीमागे तिच्या सपाता फरफटल्यासारख्या वाटल्या आणि मी वळलो नाही, वळलो तर जाईल म्हणून. अकरा दिवस मी असा राहिलो. कोंबडेराव म्हणाला, "मामा, रजा घ्या थोडी." मी म्हटलं, "घरी कोण आहे माझं? माझं माणूस इथं आहे."

बाराव्या दिवशी वाडगा ठेवायला गेलो, तर खांबामागे एक लुकडा म्हातारा बसलेला. समोर पाव, आणि दोन बोटांनी कडा सोलून ताटलीच्या काठाकाठाने लावत होता. मी बघतच राहिलो.

"काय बघता?" तो म्हणाला. "कवळी आहे माझी. कडा चावत नाहीत."

"इथं कधीपासून जेवता?"

"दोन महिने झाले. रोज येतो. का, काही चुकलं का?"

पुस्तकं बांधायचं काम करायचा म्हणे. कागदाच्या कडा सारख्या करता करता हाताला सवय लागली असेल.

भूत असतं तर बरं झालं असतं गं. मी भट्टीसमोर जाऊन उभा राहिलो आणि एकेक करून सगळं मागं जायला लागलं. ही ताटली आज ताईची नव्हती, तर रविवारी तरी कशावरून होती? शनिवारी? मावशीने तर ताईला कधी पाहिलंच नव्हतं, ती आत, तिला फक्त ताटल्या दिसतात, आणि तशी एक दिसली की ती दुसरी शोधायची नाही. आणि मी, सख्खा भाऊ, तीस पावलं चालून बघायला गेलो नव्हतो.

मी डॉक्टरांकडे गेलो. तेव्हा दमदाटी केली होती, आता हात जोडले. ते म्हणाले, शुक्रवारी पडल्या असाव्यात. लगेच गेल्या की काही वेळाने, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मी मान हलवली आणि उठलो. पण एक गोष्ट मी त्यांना बोललो नाही, ती तुला सांगायला हवी. खुर्चीवर टाकलेली असायची ती चादर तिच्या पायांवर होती. नीट होती. पडल्यावर ती तिनंच ओढून घेतली असणार.

म्हणजे शनिवारी तुला 'ये' म्हटलं असतं, किंवा मीच गाळा टाकून दोन गल्ल्या चालत गेलो असतो, तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. रोज वेगळं उत्तर येतं. कुणाकडे जेवते, एवढंच मी त्या तीन आठवड्यांत शोधत होतो, आणि तेही ताटल्यांत.

तो पुस्तकवाला परवा आला नाही. मी सूप आचेवर तसंच सोडलं आणि विचारत विचारत त्याच्या दारावर जाऊन थडकलो. साधी सर्दी होती. दार जेमतेम उघडून म्हणाला, "तुमचं काय काम?" मी म्हटलं, "काही नाही, आज आला नाहीत." मग त्याने दार पूर्ण उघडलं आणि म्हणाला, "बसा." आम्ही बसलो. हॉलचा नियम मी मोडला म्हणून बाकीचे गाळेवाले कुजबुजतात. कुजबुजू देत.

आता मागच्या खोलीचं. मला ती खोली हवी आहे, खोटं कशाला बोलू? धाकटीच्या केसांचा भांग पाडायचाय, विहीणबाईंशी भांडायचंय. पण तू मला बोलावलंस ते तुझ्या आईची काळजी घेणाऱ्या मामाला. तो कोण होता ते तुला कळल्याशिवाय मी तुझ्या उंबऱ्यावर पाय कसा ठेवू? जावईबापूंना हे पत्र दाखव. मुलांना नको.

तू 'ये' लिही, नाहीतर 'तोंड दाखवू नकोस' लिही. शिव्या लिही, मोठ्या अक्षरांत लिही, मला चष्म्याशिवाय वाचता येतील अशा. एवढंच कर, अबोला धरू नकोस. अबोल्यात समोरचं माणूस कसं आहे ते कळत नाही, आणि आपण काहीबाही धरून चालतो. एक ओळ का होईना, पण तुझ्या हातची, आणि लवकर धाड.

तू म्हणू देशील तर तुझा,
मामा