दिवा कोण लावतं?

४ फेब्रुवारी

पाय प्लास्टरमध्ये, आणि पंख्याचं बटण खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सकाळपासून सासूबाईंना हाका मारतेय. शेवटी त्या म्हणाल्या, "आपल्यात सून कोण, एकदा ठरवून टाकू." खरंच आहे. दुकानात लोकांचे रेडिओ, मिक्सर दुरुस्त करणारी बाई मी, आणि घरात एका बटणापुढे हात टेकले. काहीतरी करायला हवं.

६ फेब्रुवारी

ह्यांनी दुकानातून माझा सोल्डरिंगचा डबा आणून दिला. "डॉक्टर विश्रांती घ्या म्हणाले होते." घेतेच आहे की, बसून!

रिमोट करणार. टीव्हीसारखा नको – त्याला समोरासमोर लागतं, मध्ये सासूबाई उभ्या राहिल्या की संपलं. रेडिओलहरींवर चालणारा करते. भिंतीपलीकडेही पोचेल. बटणं चार: टेबलावरचा दिवा, पंखा, रेडिओ, आणि चौथं अजून ठरत नाही. सासूबाई म्हणतात, "माझ्यासाठी ठेव. तुला बंद करायला."

९ फेब्रुवारी

गंमत अशी, की बटण दाबलं की रिमोट हवेत एक नंबर ओरडतो. दिव्याजवळचा माझा रिसीव्हर आपला नंबर ऐकला तरच हलतो, नाहीतर ढिम्म. नंबर ठरवायचा आतल्या चिपच्या पायांनी. कुठला पाय कुठे जोडायचा, एवढंच. तूर्त सगळे ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या वजा टोकाला जोडलेत; सगळी शून्यं. नंतर बदलू.

आज पहिल्या बटणावर दिवा लागला. आतल्या रिलेचा, त्या चुंबकी बटणाचा, तो 'टक्' आवाज! पुन्हा दाबलं, विझला. मी हसत सुटले. सासूबाई डोकावून गेल्या. "पोरगी पास झाली तेव्हाही एवढं कौतुक नव्हतं केलंस."

११ फेब्रुवारी

पंखा लावला की रेडिओही सुरू व्हायचा. दोन टाके एकमेकांना चिकटले होते. सुटले.

लहरी पकडणारी एरियलची तारही लांब केली, आता दूरचंही ऐकू येईल. ह्यांना दाखवलं. उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हरवला तर?" काय बोलायचं या माणसापुढे.

१२ फेब्रुवारी

दुपारी दिवा आपोआप लागला. रिमोट टेबलावर, हात माझ्याकडे.

१३ फेब्रुवारी

पुन्हा. लागला, विझला, लागला. सासूबाई: "तुझ्या डबड्याला वारं लागलंय." हे: "लूज कनेक्शन." मग पंख्याला का नाही? रेडिओला का नाही? नेमकं पहिल्याच बटणाला बरं होतंय लूज कनेक्शन!

रिमोटची बॅटरीच काढून ठेवली आणि दिव्याकडे बघत बसले. चहा निवला. आणि – टक्.

म्हणजे बाहेर कोणीतरी माझाच नंबर ओरडतंय. घाबरायला हवं होतं बहुतेक. मला तर कधी एकदा शोधते असं झालं.

१५ फेब्रुवारी

रिसीव्हर बॅटरीवर चालेल असा केला. एरियलची तार कापून बोटभर ठेवली – आता त्याला अगदी जवळचंच ऐकू येईल. दिव्याला दुसरा, नीट ऐकणारा रिसीव्हर लावला. माझा पाय असा, म्हणून बोटभर तारेचा सासूबाईंच्या हातात दिला. तान्हं मूल घ्यावं तशा त्या तो घेऊन घरभर फिरल्या. प्रत्येक खोलीत बसायचं. इकडे दिवा लागला की मी ओरडायचं, "वाजला का?"

स्वयंपाकघर – नाही. बाहेरची खोली – नाही. मागच्या खोलीत त्या चक्क पलंगावर उभ्या राहिल्या, हात उंच केला. (पडल्या असत्या तर घरात दोन प्लास्टरं.) तिथे वाजला.

"अगं, वरचे!"

वरच्या घरात एक आजोबा, अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांची सून. मुलगा जहाजावर असतो. आम्ही इथे राहायला येऊन थोडेच दिवस झाले, सुनेशी ओळख जिन्यातली. हसते आणि पळते.

१६ फेब्रुवारी

वरची सून टाकीतल्या पाण्याचं विचारायला आली, तेव्हा विचारलं, तुमच्याकडे रिमोटवर चालणारं काही आहे का. म्हणाली, "बाबांची बिनतारी बेल होती. बटण उशाशी, डबी स्वयंपाकघरात. बिघडलीय आता."

"आणा की, मी बघते."

"राहू द्या ताई. कशाला त्रास." आणि गेलीच.

सासूबाई संध्याकाळी वर जाऊन डबी घेऊन आल्या. "तिला म्हटलं, आमची रिकामी बसलीय, तिच्या हाताला चाळा दे."

१७ फेब्रुवारी

डबी उघडली. माझ्या रिसीव्हरमधल्याच जातीची चिप. सगळे पाय ग्राउंडला. स्वस्तातल्या वस्तूचा नंबर बदलत बसतं कोण? मीही नव्हताच बदलला. कोडं सुटलं, जीव थंड झाला.

मग बिघाड बघायला घेतला. बॅटरी चांगली. चिप चांगली. स्पीकरची तार तुटलेली. भिंगातून बघितलं. तुटलेली नाही. कापलेली आहे. टोकं एकदम साफ, कात्रीची.

म्हणजे माझा दिवा लागायचा तेव्हा वर एक म्हातारा माणूस हाक मारत होता. त्याच्याकडे कोणी जात नव्हतं, आणि मी इकडे तार बोटभर करून मजा बघत होते.

सासूबाईंचा पारा चढला. "तिच्या नवऱ्याला कळव." हे म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नका." मी तार जोडली.

१८ फेब्रुवारी

एकेका पायरीवर बसत, वर सरकत गेले. तिला काय काय सुनवायचं आहे, ते जिन्यातच जुळवून ठेवलं होतं.

डबी हातात दिली. तारेवरची नवी टेप तिला दिसली. चहा ठेवला तिने. तेवढ्यात बेल वाजली – कानठळ्या बसवणारी धून. ती आत गेली. "काय हवं, बाबा?"

"काही नाही. कोण आलंय?"

परत येऊन साखर घालते तोच पुन्हा. "पाणी देऊ?" "नको." पुन्हा. चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि माझ्यासमोर खाली बसली.

"दिवसभर असंच, ताई. त्यांना काही नको असतं. कोणी आहे ना, एवढंच बघायचं असतं." मग खालच्या आवाजात, "मी जाते हो त्यांच्याकडे. बेल नसली तरी जातेच. खाणंपिणं, कूस बदलणं, काही चुकवलं नाही. फक्त तो आवाज नको झाला होता."

जिन्यात जुळवलेलं सगळं जिन्यातच सोडून पायरी पायरी खाली सरकले.

२० फेब्रुवारी

चिपचा एक पाय उचलला की माझा नंबर वेगळा, दिवा पुन्हा माझा. इस्त्री तापवावी तशी सोल्डरिंगची सळई तापवून बसले. नाही उचलला.

त्याऐवजी तिला विचारून तिच्या डबीतला स्पीकर काढला, त्याच्या जागी छोटा लाल दिवा बसवला. आवाज नाही, पण दिसतं. आणि आमच्याकडे दिवा लागला की सासूबाई वर्तमानपत्र घेऊन वर जाणार. त्यांनीच ठरवलं. "इथे तरी माझं ऐकतं कोण?"

२६ फेब्रुवारी

आजोबा आणि सासूबाई, दोघांचं एका बातमीवरही एकमत होत नाही. काल त्या तणतणत खाली आल्या, "हटवादी म्हातारा!" आज दिवा लागायच्या आधीच चपला पायात.

दुपारी बाबा बटण कमी दाबतात, असं सून जिन्यात म्हणाली. आज पळाली नाही. कठड्याला टेकून उभी राहिली, माझा रिमोट उघडून दाखवायला लावला. चांगले प्रश्न विचारते.

५ मार्च

दुपारी दिवा लागला, विझला, लागला. सासूबाई बाहेर गेलेल्या, म्हणून कुबडी घेऊन मीच चढले. दार उघडंच होतं. आजोबा गाढ झोपलेले. सून स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, बटण तिच्या मुठीत.

"मीच दाबलं," म्हणाली. "कोणी येतं का, बघत होते."