बिजागरीची भेग

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. कारण काही नाही, नुसता आळस.

तू विचारलंस, बसथांब्यापासून ऑफिसपर्यंत जायला घडीची सायकल घ्यावी का. घे. माझा जिना एवढा अरुंद की खाट दोरीने खिडकीतून वर चढवली, पण सायकल अर्ध्या मिनिटात मिटते आणि काखोटीला येते. बसवाला हुज्जत घालत नाही. आता वाईट सांगतो. चाकं छोटी, प्रत्येक खड्डा दातांपर्यंत पोचतो. बारा किलोची सायकल तिसऱ्या मजल्यावर वीसची होते. आणि निघून जाणं फार सोपं होतं. दोन वर्षांत चार गावं बदलली ती हिच्याच जिवावर.

सध्या चष्म्याच्या दुकानात आहे, तयार चष्मे घरपोच करतो. परवा एका निवृत्त बाईंनी नवा चष्मा लावला, आधी स्वतःची नखं बघितली आणि हसल्या. असो, कुठून कुठे गेलो. मुद्दा असा, की सायकलच्या मधल्या बिजागरीला भेग पडलीय. सायकल गेली तर काम गेलं. बाबांना उपाय विचार, पण माझं नाव न काढता. दोन वर्षं बोलले नाहीत, आता सायकलपायी कशाला.

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझा,
भटक्या

१० फेब्रुवारी

चि. भटक्यास,
अ. उ. आ.

नाव न काढता कसं विचारू? घडीची सायकल आपल्या माहितीत एकाच शहाण्याकडे आहे. म्हणून पत्रच मोठ्याने वाचलं. बाबा वर्कशॉपच्या दारात कानस साफ करत होते. तू निघालास तेव्हा म्हणाले होते, मिटून पिशवीत जाते ती कसली सायकल. वाटलं, तेच पुन्हा ऐकवतील. तर म्हणाले, "भेग वरून आहे की खालून?" मला काय माहीत. मग म्हणाले, ॲल्युमिनियम असेल तर गल्लीतल्या वेल्डरला हात लावू देऊ नको म्हणावं.

जेवताना एकदाच तोंड उघडलं: तो जिना खरंच एवढा अरुंद आहे का? नंतर तुझ्या पाकिटावरचा पत्ता चष्मा लावून दोनदा वाचला.

माझी सायकल तूर्त लांबणीवर. भेग कुठे आहे ते लगेच कळव, आणि चालवू नकोस. नकोस म्हणजे नकोस.

माया आहेच, पण वाट बघायला लावू नकोस.
तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भेग खालून आहे. नखाएवढी होती, आता बोटभर झालीय. चालवली, खोटं कशाला सांगू. दुकानाचे मालक म्हणाले, सोमवारपर्यंत सायकल नीट कर, नाहीतर दुसरा माणूस बघतो. म्हणून उद्या नाक्यावरच्या वेल्डरकडे नेणार आहे. तो बादल्यांच्या कड्या जोडतो. बाबांना हे सांगू नकोस.

एवढं लिहितोय तोवर खालच्या काकू वर आल्या. एक म्हातारे गृहस्थ पत्र्याची पेटी घेऊन पायरीवर आलेत म्हणे. बहुतेक माझ्याचकडे, पण माझं काही विचारलंच नाही. "सायकल कुठे ठेवतो तो?" एवढंच म्हणाले, आणि आता वितीने जिना मोजताहेत.

बाकीचं राहू दे. सायकल घेऊन खाली चाललोय.